फुटबॉल क्लबाचे पहिले कलम

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त युवक मंडळापुढे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या ह्या सप्ताहात आजवर ज्या विषयांवर व्याख्याने झाली ते सर्व विषय गंभीर होते. आज फुटबॉलवर बोलण्याची पाळी धर्मगुरूवर यावी ह्याचे काही वडीलधाऱ्या मंडळींस नवल वाटत असेल. त्यांच्या समाधानासाठी एवढेच सांगतो की, सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविणारे गुरुजन सायंकाळची घंटा होताच आम्हां सर्वांस मैदानावर पिटाळीत असत. जो विद्यार्थी पुस्तक घेऊन झाडाखाली बसे, त्याच्या प्रकृतीची चौकशी होई. आणि प्रकृती ठीक आहे असे आढळल्यास त्याच्या वृत्तीची चौकशी होई. तेव्हा हा विषय मला अगदीच परका नाही.

परंतु आज मी बोलावयास उभा राहिलो तो खेळाचे गुण गाण्यासाठी नव्हे. आपल्या युवक मंडळाने ह्या महोत्सवी वर्षाची आठवण म्हणून एक फुटबॉल क्लब काढण्याचा संकल्प केला आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. नियमावलीचा मसुदाही तयार झाला आहे. त्यातील पहिलेच कलम असे आहे की, क्लबाचे सभासदत्व केवळ आपल्या धर्मग्रामातील कॅथॉलिक युवकांसाठी राहील. ह्या कलमावरून मंडळात दोन पक्ष पडले आणि गेल्या बैठकीत आवाज बरेच चढले, असे माझ्या कानी आले. ज्यांनी ते कलम लिहिले त्यांच्या मनात कोणाविषयी द्वेष आहे असे मी मानीत नाही. आपला समाज लहान आहे. मुले शिकून नागपूरला, पुण्याला, हैदराबादला निघून जातात. सणावारी भेटतात तेव्हा एकमेकांस ओळखही लागत नाही. क्लबाच्या निमित्ताने ती एकत्र राहावीत, आणि गावातील इतर मुलांच्या गर्दीत आपलीच मुले मैदानाबाहेर बसू नयेत, ही त्यांची काळजी आहे. ही काळजी खोटी नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, शेजारच्या घरातील जो मुलगा रोज आपल्या मुलांबरोबर शाळेत जातो, त्यास कुंपणाबाहेर उभे करून आपण कोणता महोत्सव साजरा करणार?

निर्णय मी द्यावा अशी दोन्ही पक्षांची इच्छा दिसते. केवळ अधिकाराने निर्णय देण्यापेक्षा, ह्याच प्रश्नाशी पूर्वी ज्यांची गाठ पडली त्यांचा इतिहास सांगणे मला अधिक बरे वाटते.

फुटबॉल आणि आपली ख्रिस्तसभा ह्यांचा संबंध आपण समजतो त्याहून जुना व जवळचा आहे. गोव्यात हा खेळ प्रथम आला तो 1883 साली, शिवोली गावी, आणि आणणारे होते फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे धर्मगुरू. ते प्रकृती सुधारण्यासाठी गोव्यात आले होते. त्यांच्या प्रकृतीचे काय झाले ते असो, पण गोव्याच्या प्रकृतीत मात्र हा खेळ असा मुरला की, आज तेथे चर्चच्या शेजारी मैदान नाही असे गाव शोधावे लागेल. आपल्या वर्धा जिल्ह्याचे नाव ज्या महात्म्यामुळे जगात गेले, त्या गांधीजींचाही ह्या खेळाशी थोडा संबंध आला होता. दक्षिण आफ्रिकेत असताना जोहान्सबर्ग व प्रिटोरिया येथील हिंदी लोकांचे ‘पॅसिव्ह रेझिस्टर्स’ ह्या नावाचे फुटबॉल संघ सत्याग्रहाच्या चळवळीतून उभे राहिले, आणि सामन्यांस जमलेल्या लोकांपुढे गांधीजी सत्याग्रहाचे विचार मांडीत. सेवाग्रामच्या कुटीत सूत कातणाऱ्या बापूंचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. फुटबॉलच्या मैदानाकडेला उभे असलेले बापू सहसा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत.

आता मूळ विषयाकडे वळतो. त्यासाठी आपणांस स्कॉटलंड देशात यावे लागेल.

1845 साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. तेथील गरीब शेतकरी बटाट्यावरच जगत असे. पीक गेले, दुष्काळ पडला, आणि काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगाने मेली. जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. एक पीक बुडाले म्हणजे कुटुंब कसे देशोधडीस लागते हे कपाशीवर जगणाऱ्या आमच्या जिल्ह्यास समजावून सांगण्याचे कारण नाही. ह्या निर्वासितांपैकी पुष्कळ लोक एडिंबरो व ग्लासगो ह्या शहरांत आले. ते कॅथॉलिक होते. शहरे प्रॉटेस्टंट होती. कामे हलकी, खोल्या अंधाऱ्या, आणि मुले उपाशी.

एडिंबरोत सेंट पॅट्रिक धर्मग्रामातील कॅनन एडवर्ड हॅनन ह्या धर्मगुरूंनी 1875 साली आपल्या तरुणांसाठी एक फुटबॉल क्लब काढला. त्याचे नाव हायबर्नियन. त्याचा नियम जवळजवळ आपल्या मसुद्यातील पहिल्या कलमासारखाच होता: कॅथॉलिक तरुणांच्या धर्ममंडळाचा जो सभासद असेल त्यानेच खेळावे. हेतू शुद्ध होता. मुले दारूपासून व वाईट संगतीपासून दूर राहावीत, आणि धर्माचरण सुटू नये. क्लब चांगला चालला. 1887 सालच्या फेब्रुवारीत त्याने स्कॉटिश चषक जिंकला, तेव्हा ग्लासगोतील आयरिश वस्तीने त्याचा मोठा सत्कार केला. त्या सत्कारातच ग्लासगोकरांच्या मनात आले की, आपणही असा एक क्लब का काढू नये?

ग्लासगोत त्या वेळी मारिस्ट संघाचे एक बंधू शाळा चालवीत असत. त्यांचे धर्मनाम ब्रदर वॉलफ्रिड. मूळ नाव अँड्र्यू केरिन्स. जन्म 1840 साली आयर्लंडातील बॅलिमोट गावचा. म्हणजे दुष्काळ आला तेव्हा ते पाच-सात वर्षांचे बालक होते. भूक म्हणजे काय हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांच्या शाळेत मुले येत ती रिकाम्या पोटी; कित्येक येतच नसत. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या मदतीने त्यांनी गरीब मुलांसाठी जेवणाची पंगत सुरू केली. अगदी अल्प पैशांत गरम जेवण मिळे. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ह्या पंगतीमागे केवळ दया नव्हती. शेजारच्या प्रॉटेस्टंट मंडळींच्या अन्नछत्रात जाऊन आपली मुले धर्मास मुकतील ही धास्तीही होती. पंथापंथांतील ती चढाओढ आज आपणांस शोभणार नाही. पण त्या चढाओढीतही पोट मुलांचेच भरत होते, हे लक्षात ठेवावे.

पंगतीस पैसा लागतो. फुटबॉलचे सामने पाहण्यास लोक पैसे देतात. ब्रदर वॉलफ्रिडांनी ह्या दोन गोष्टी एकत्र जोडल्या. 1887 सालच्या 6 नोव्हेंबरला, सेंट मेरी चर्चच्या सभागृहात, सेल्टिक फुटबॉल क्लबाची स्थापना झाली. पुढील वर्षाच्या आरंभी काढलेल्या पत्रकात क्लबाचा मुख्य उद्देश स्वच्छ लिहिला होता: तीन धर्मग्रामांतील गरजू मुलांच्या जेवणासाठी निधी पुरविणे. स्वयंसेवकांनी आपल्या हातांनी मैदान तयार केले. पहिला सामना 28 मे 1888 रोजी रेंजर्स क्लबाशी झाला आणि सेल्टिकने तो 5–2 असा जिंकला. गंमत अशी की, त्या दिवशी सेल्टिककडून खेळलेले बहुतेक खेळाडू उसने आणलेले होते, आणि ते आणले होते एडिंबरोच्या हायबर्नियनकडून! पुढे त्यांतील उत्तम उत्तम खेळाडू सेल्टिकने कायमचे आपल्याकडे ओढून घेतले. हे वागणे काही संताला साजेसे नव्हते, आणि मी त्याचे समर्थन करीत नाही.

परंतु ह्या दोन क्लबांच्या वाटा कोठे वेगळ्या झाल्या ते पाहा. हायबर्नियनचे खेळाडू गेले, तेव्हा त्यांच्या जागी कोणास आणावे हा प्रश्न पडला. नियमाने निवड अरुंद केली होती. काही वर्षांत, 1891 च्या सुमारास, तो क्लब बंद पडला. त्यास पैशाचीही अडचण होती, केवळ नियमानेच तो बुडाला असे मी म्हणणार नाही; पण लवकरच तो पुन्हा उभा राहिला तेव्हा धर्माची अट त्याने परत आणली नाही, हे बोलके आहे. सेल्टिकने अशी अट आरंभापासूनच घातली नव्हती. 1895 साली तेथेही कोणी ठराव आणला की, संघात प्रॉटेस्टंट खेळाडू तीनपेक्षा अधिक असू नयेत. तो ठराव नामंजूर झाला. कॅथॉलिक धर्मग्रामाच्या सभागृहात जन्मलेल्या, कॅथॉलिक मुलांस जेवू घालण्यासाठी निघालेल्या क्लबाने, आपल्या समाजाचा भोवती द्वेष होत असताना, हे दार उघडे ठेवले.

त्याचे फळ फार पुढे दिसले. 1967 साली लिस्बन शहरात सेल्टिकने इटलीच्या इंटर मिलान संघास 2–1 असे हरवून युरोपचा चषक जिंकला. ब्रिटनमधील कोणत्याही क्लबाने तोपर्यंत तो जिंकला नव्हता. त्या संघातील अकराही खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या आतील जन्माचे होते. म्हणजे खऱ्या अर्थाने गावचा क्लब. आणि त्यांस घडविणारे व्यवस्थापक जॉक स्टीन हे प्रॉटेस्टंट होते. पहिल्या कलमाचा प्रश्न 1895 साली उलट सुटला असता तर स्टीन त्या क्लबाच्या दारापर्यंत आले असते काय?

आता ह्या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण उत्सवी व्याख्यानांत ती बहुधा गाळली जाते. क्लबाची भरभराट होताच जमिनीच्या मालकाने भाडे वर्षाला 50 पौंडांवरून 450 पौंड केले. क्लबाने ते नाकारून जवळचीच एक विटांच्या भट्टीची खड्ड्यांनी भरलेली जागा घेतली, आणि पुन्हा लोकांनी श्रमदानाने ती भरून काढली. जुने मैदान दफनभूमीस लागून होते. तेव्हा कोणी म्हणाले की, हे तर स्मशानातून नंदनवनात येणे झाले. त्यावरून आजही त्या मैदानास ‘पॅराडाइज’ म्हणतात. पण त्याच वर्षी, म्हणजे 1892 साली, ब्रदर वॉलफ्रिडांची त्यांच्या संघाने लंडनला बदली केली. आज्ञेचे व्रत घेतलेला मनुष्य. पेटी उचलली आणि गेले. त्यांच्यामागे क्लबाचा कारभार ज्यांच्या हाती राहिला त्यांस धंदा कळत होता. 1897 साली क्लबाची मर्यादित कंपनी झाली. संचालकांत बांधकामाचे कंत्राटदार होते, मद्यविक्रेते होते. भागधारकांस लाभांश मिळू लागला. मुलांच्या पंगतीकडे जाणारा ओघ तोपर्यंत आटून गेला होता.

ब्रदर वॉलफ्रिड ह्यावर काय म्हणाले असतील? लंडनच्या पूर्व भागातील दरिद्री वस्तीत त्यांनी पुन्हा अनवाणी मुले जमविली आणि पुन्हा फुटबॉलचे सामने भरविले, एवढे इतिहास सांगतो. 1915 साली ते वारले. क्लबाने धर्मादाय निधी नव्याने स्थापिला तो 1995 साली, आणि संस्थापकाचा पुतळा मैदानाबाहेर उभा राहिला 2005 साली. पुतळा उभारणे पंगत चालविण्यापेक्षा नेहमीच सोपे असते.

तरीही त्या क्लबात मूळ वृत्तीचा अंश शिल्लक होता असे मला एका प्रसंगावरून वाटते, आणि तो प्रसंग आपल्या देशाशी निगडित आहे. 1936 साली मोहम्मद सलीम नावाचे कलकत्त्याचे खेळाडू ग्लासगोस आपल्या भावाकडे आले. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग ह्या नामांकित संघात ते खेळत. भाऊ त्यांस घेऊन सेल्टिकचे व्यवस्थापक विली मेली ह्यांच्याकडे गेला. हे मेली 1888 च्या पहिल्या सामन्यात स्वतः खेळले होते, ही गोष्ट ध्यानात घ्या. सलीम बूट घालून खेळत नसत. पायांस पट्ट्या बांधून अनवाणी खेळत. दक्षिण दिशेच्या देशातून आलेला, परधर्मी, परवर्णी, आणि पायांत बूट नाहीत! मेलींनी त्यांस मैदानावर उतरविले. गॅल्स्टनविरुद्धच्या सामन्यात सेल्टिकने 7–1 असा विजय मिळविला, आणि सलीमच्या पायांतील जादू पाहून प्रेक्षक थक्क झाले. युरोपातील क्लबाकडून खेळलेले ते पहिले हिंदी खेळाडू मानले जातात. घरची ओढ लागून ते परत निघाले, तेव्हा त्यांच्यासाठी एक सामना ठेवून उत्पन्नाचा वाटा देण्याची तयारी क्लबाने दाखविली. तो वाटा अनाथ मुलांस द्यावा असे सलीम म्हणाले, अशी हकीकत सांगतात. वॉलफ्रिडांचा हेतू ज्यास कोणी शिकविला नव्हता, अशा मुसलमान तरुणाच्या तोंडून तो बाहेर आला.

अनवाणी पायांवरून आठवले. 29 जुलै 1911 रोजी कलकत्त्यास मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघास 2–1 असे हरवून आयएफए शील्ड जिंकले, ही कथा शाळेच्या मुलांसही ठाऊक असते. त्या अकरांपैकी दहा अनवाणी होते. बूट घालणारे एकटे सुधीर चटर्जी. आणि ते ख्रिस्ती होते, मिशनच्या महाविद्यालयात शिकवीत. त्या दिवशी बंगालने ह्या विजयाचा आनंद केला तेव्हा बुटातील पाय आणि उघडे पाय असा भेद कोणी केला नाही. त्यांच्या क्लबात आपल्यासारखे पहिले कलम असते, तर आपला हा धर्मबंधू त्या दिवशी प्रेक्षकांत बसला असता.

आणि जाता जाता आणखी एक उदाहरण. पोलंडमधील वाडोविट्से गावी कॅरोल नावाचा एक मुलगा गोलरक्षक म्हणून खेळत असे. गावातील मुलांचे सामने कॅथॉलिक विरुद्ध ज्यू असे होत. ज्यू मुलांस गोलरक्षक कमी पडला की हा मुलगा त्यांच्या बाजूने उभा राही. तोच पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाला, आणि 2014 पासून आपण त्यांस संत म्हणतो.

आतापर्यंत दूरच्या गोष्टी झाल्या. आता आपल्या घराजवळची सांगतो. ह्या गोष्टीसाठी आगबोट नको. नागपूरचे रेल्वेचे तिकीट पुरे.

नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय आहे. 1883 साली, म्हणजे फादर लायन्सनी शिवोलीत चेंडू आणला त्याच वर्षी, ते निघाले. आणि ज्या स्टीफन हिस्लॉप मिशनऱ्याचे नाव त्यास दिले तेही स्कॉटलंडचेच. ते आपल्या पंथाचे नव्हते. पण त्यांच्या नावाच्या महाविद्यालयात सर्व धर्मांची मुले शिकत आली आहेत, आणि त्यांत आपलीही आहेत. ह्या महाविद्यालयात विजय बारसे हे क्रीडाशिक्षक होते. 2001 सालच्या पावसाळ्यात एके दिवशी पावसामुळे ते झाडाच्या आडोशास थांबले असता, झोपडपट्टीतील काही मुले चिखलात एक मोडकी बादली लाथेने उडवून फुटबॉल खेळत असलेली त्यांनी पाहिली. पाऊस कोसळत होता आणि मुलांस त्याचे भान नव्हते.

अशी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. पुलगावात, हिंगणघाटात, आर्वीच्या रस्त्यावर, डबा, नारळाची करवंटी, कापडाचा चेंडू उडविणारी मुले रोज दिसतात. आपण पाहतो आणि छत्री सावरून पुढे जातो. बारसे थांबले. त्यांनी त्या मुलांस खरा चेंडू दिला, आणि मग त्यांच्या मनात आले की, ज्यांच्यासाठी कोणताही क्लब नाही त्यांच्यासाठीच स्पर्धा भरवावी. त्याच वर्षी नागपुरात झोपडपट्टी फुटबॉल स्पर्धा झाली आणि तीत 128 संघ उतरले! एवढी मुले तोपर्यंत कोठे होती? ती तेथेच होती, बादल्या उडवीत.

‘झोपडपट्टी फुटबॉल’ हे नाव ऐकून सुशिक्षित मंडळींनी नाक मुरडले तर नवल नाही. पण नाव बदलल्याने वस्ती बदलत नाही, आणि ज्यास आपल्या वस्तीचे नाव छातीवर घेऊन मैदानावर उतरता आले त्याची मान थोडी तरी ताठ होते. क्रीडा विकास संस्था, नागपूर, ह्या नावाने हे कार्य रुजले. बाहेरच्या जगात ते ‘स्लम सॉकर’ ह्या नावाने ओळखले जाते. बारसे ह्यांचे चिरंजीव अभिजित हेही पुढे ह्या कार्यात आले. नागपूरजवळ बोखारा येथे संस्थेचे केंद्र उभे राहिले. मुलींसाठी वेगळा उपक्रम निघाला, मूकबधिर मुलांसाठी निघाला. चेंडूच्या निमित्ताने जमलेल्या मुलांस आरोग्य, शिक्षण, व्यसनांपासून दूर राहणे ह्या गोष्टी खेळातूनच सांगितल्या जातात. व्याख्यान देण्यापेक्षा ही रीत पुष्कळ बरी, हे मी व्याख्यान देत असतानाच कबूल करतो.

बेघर लोकांची फुटबॉलची जागतिक स्पर्धा 2003 साली ऑस्ट्रियातील ग्राझ शहरी सुरू झाली. ती काढणाऱ्या दोघांपैकी एक, मेल यंग, हे पुन्हा स्कॉटलंडचेच! 2007 साली कोपनहेगन येथील स्पर्धेत भारताचा संघ प्रथम उतरला, आणि तो ह्या नागपूरच्या संस्थेने नेला. ह्या स्पर्धेचा एक नियम मला फार विचार करण्याजोगा वाटतो. खेळाडूस तीत आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. कोणी कितीही निष्णात असो, दुसऱ्या वर्षी त्याची जागा दुसऱ्या गरजूस मिळते. चषक जिंकणे हाच हेतू असता तर असा नियम कोणी केला नसता. 2016 साली फिफाने आपला विविधतेचा पुरस्कार ह्या संस्थेस दिला, आणि 2022 साली नागराज मंजुळे ह्यांचा ‘झुंड’ हा चित्रपट बारसे ह्यांच्या जीवनावरून निघाला. तो पाहून आपल्यापैकी कित्येकांस प्रथमच कळले की, आपल्यापासून ऐंशी किलोमीटरांच्या आत हे घडत होते.

मुलांनो, आता पहिल्या कलमाविषयी माझे मत. ते काढून टाकावे. आपली मुले एकत्र राहावीत ही काळजी मला मान्य आहे; तिच्यासाठी आपल्याकडे रविवारची मिस्सा आहे, धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत, युवक मंडळ आहे. त्यांत कोणी येत नाही म्हणून मैदानास कुंपण घालणे हा उपाय नव्हे; कुंपण घातल्याने चर्चमधील बाके भरत नाहीत. आपलीच मुले बाहेर बसतील ही भीती मात्र खरी आहे, आणि तिच्यावर उपाय करता येईल. दोन संघ करावेत, तीन करावेत. जो सरावास नियमित येईल त्यास सामन्यात काही वेळ तरी उतरविलेच पाहिजे असा नियम करावा. मग तो कोणाच्याही घरचा असो.

ह्या कलमाच्या जागी दुसरे एक कलम घालावे अशी माझी सूचना आहे, आणि ती सेल्टिकच्या इतिहासावरून सुचली आहे. तेथे मुलांच्या जेवणाचा उद्देश पत्रकात लिहिलेला होता, पण संस्थापक गेले आणि उद्देश त्यांच्यामागोमाग गेला. तेव्हा आपल्या क्लबाच्या उत्पन्नाचा निश्चित हिस्सा संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या येथील शाखेमार्फत गरीब विद्यार्थ्यांसाठी जाईल, आणि सर्वसाधारण सभेच्या तीन-चतुर्थांश मतांशिवाय ह्यात बदल होणार नाही, असे नियमावलीत पक्के करावे. माझीही बदली केव्हातरी होईल; मी असेपर्यंतच चालेल अशी व्यवस्था मला नको आहे. हिस्सा किती असावा ते तुम्ही ठरवा. लहान ठरवा, पण दर वर्षी द्या.

बुटांविषयी मसुद्यात जे लिहिले आहे त्यासही माझी हरकत आहे. ‘बूट नसलेल्यास सरावास प्रवेश नाही’ हे वाक्य लिहिताना सलीमची कथा कोणास ठाऊक नव्हती असे मी समजतो. इजा होऊ नये हा हेतू असेल तर अनवाणी मुलांचा सराव वेगळा घ्या, आणि जुने बूट गोळा करून ठेवा. मुलींच्या संघाविषयी मसुदा मौन बाळगतो. हे मौन मला बरे वाटले नाही. मंडळातील दोन मुलींनी ह्याविषयी मला लेखी अर्ज दिला आहे. तो मी चिटणिसांकडे पाठविला आहे, आणि त्यावर बैठकीत चर्चा व्हावी.

मैदानाचे काम दिवाळीनंतर हाती घेऊ. पूर्वेच्या बाजूस बाभळीची झुडुपे फार वाढली आहेत व काटे जमिनीत रुतले आहेत. अनवाणी मुले खेळणार असतील तर ते आधी वेचले पाहिजेत, आणि हे काम यंत्राने होत नाही. उन्हाळ्यात मार्चनंतर सराव पहाटेच ठेवावा. वर्ध्याच्या उन्हाशी कोणी शौर्य दाखवू नये. पंच म्हणून मी स्वतः उभा राहण्यास तयार आहे, परंतु माझ्या निर्णयावर कोणी वाद घातल्यास त्यास कन्फेशनच्या वेळी सूट मिळेल अशी अपेक्षा करू नये.

चार चेंडू एका दात्याने दिले आहेत. नाव जाहीर करू नये अशी त्यांची इच्छा आहे. हवा भरण्याचा पंप मात्र अजून मिळालेला नाही. ज्यांच्या घरी जादा असेल त्यांनी सोमवारी सायंकाळपर्यंत तो धर्मग्रामाच्या कार्यालयात आणून द्यावा.